माझा लॅपटॉप, बँकेतली फ्लॉपी आणि आत्याचा आवाज



यंदा आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात ‘जुनं इंदूर’ या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असं मंडळाच्या पोरांनी सांगितलं. मी खूश. म्हटलं, सगळं साहित्य लॅपटॉपमध्ये तयारच आहे, आठ दिवसांत भाषण होईल. गणपती सत्तावीस ऑगस्टला बसणार होते. मी महिन्याच्या सुरुवातीला लॅपटॉप उघडला, आणि तो उघडेना.

अगदीच उघडेना असं नाही. बटण दाबलं, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, प्यायलो, कप विसळून ठेवला, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच. बारा-पंधरा मिनिटांनी चित्र आलं. मग एक फाइल उघडायला पाच मिनिटं. माऊस हलवला की बाण तिथंच. आमच्या सौ. म्हणाल्या, “तुमच्यासारखाच झालाय. हाक मारली की दहा मिनिटांनी ‘काय?’ म्हणतो.”

हसण्यावारी नेलं, पण पोटात गोळा आला होता. त्या लॅपटॉपमध्ये काय होतं ते सांगतो.

आमचे मूळ पुरुष साताऱ्याकडून होळकरांच्या चाकरीत इकडे आले. त्यांची मोडीतली कागदपत्रं आमच्याकडे एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. निवृत्तीनंतर, २०१७ साली, मी बसून ती एकेक स्कॅन केली, चारशेच्या वर पानं. २०१९ च्या पावसाळ्यात माळ्यावर पाणी गळलं आणि ट्रंक भिजली. लक्षात येईपर्यंत निम्म्या कागदांचा लगदा झाला होता. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं होतं, “काळजी नको, सगळं लॅपटॉपमध्ये आहे.”

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. माझी थोरली आत्या, जन्म १९२९ चा. डिसेंबर २०१८ मध्ये मी तिला चार दुपारी बोलतं केलं आणि मोबाइलवर रेकॉर्ड केलं. कापडगिरण्यांचे भोंगे ऐकून घरातलं घड्याळ कसं लावायचे, होळकरांच्या क्रिकेट संघाची मॅच असली आणि सी. के. नायडू खेळायला उतरले की वाड्यातले पुरुष कसे गायब व्हायचे, १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा आजोबा दोन दिवस कसे गप्प होते, असं सगळं तिच्या आवाजात. सात फाइली होत्या. त्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या, आणि तो मोबाइल पुढे कामवाल्या बाईंच्या मुलाला दिला. आत्या २०२१ मध्ये गेली.

म्हणजे लॅपटॉप नुसता हळू झाला नव्हता. आमचं घर त्याच्यात होतं.

मदतीचा पहिला फोन अर्थातच मुलाला. तो बंगळुरूत, मीटिंगमध्ये. “बाबा, रिस्टार्ट करा.” केलं. “बाबा, टेम्प फाइली उडवा.” त्या कुठे असतात ते सांगायला त्याला वेळ नाही, आणि मला विचारायचा संकोच.

मग मी इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधला आणि जो पहिला दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. “सर, आपके सिस्टम में वायरस है, मैं यहीं से ठीक कर दूँगा.” मोबाइलवर एक ॲप घ्या म्हणाला, त्यात दिसणारा नऊ आकडी नंबर सांगा म्हणाला. लॅपटॉप बिघडलाय आणि ॲप मोबाइलवर कशाला? तिथंच मला खटकलं. वर म्हणाला, दहा रुपये रजिस्ट्रेशन भरा, कार्डानं. मी फोन ठेवला. छत्तीस-अडतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढलेला माणूस मी. ‘कुणाला काही सांगू नका’ हे खातेदारांना हजारदा सांगितलेलं. तरी कबूल करतो, तो नंबर वाचायला मी चष्मा लावला होता. अडचणीत सापडलेला माणूस किती पटकन विश्वास टाकतो, हे काउंटरच्या बाहेर आल्यावर कळलं. तो कंपनीचा क्रमांक नव्हताच. भामट्यांनी नेटवर पेरून ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून सिल्व्हर मॉलला गेलो. इंदूरकरांना सांगायला नको, कॉम्प्युटरचं कुठलंही दुखणं शेवटी तिथंच जातं. एका दुकानातल्या मुलानं झाकण उघडलं, अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला, “अंकल, फॉर्मेट मार देते हैं. शाम को ले जाना, मक्खन चलेगा.” मी विचारलं, आतलं सामान? “वो तो जाएगा.” इतक्या सहज म्हणाला की मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आलो.

शेवटी मदत मिळाली ती खालच्या मजल्यावर. तिथं एक मराठी कुटुंब आहे, त्यांची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पोह्यांची बशी घेऊन वर आली होती. लॅपटॉपकडे पाहून म्हणाली, “आजोबा, बघू का?” तिनं लॅपटॉपला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला.

“याची दुसरी प्रत कुठंय?”

मी गप्प. कारण हा प्रश्न मी स्वतः कधी काळी रोज संध्याकाळी विचारत असे.

आता थोडं मागं जातो.

मी बी.कॉम. होऊन १९७३ मध्ये बँकेत क्लार्क म्हणून लागलो. राष्ट्रीयीकरणाला (१९ जुलै १९६९, चौदा बँका) चारच वर्षं झाली होती आणि नव्या शाखा धडाधड उघडत होत्या. सगळं काम हातानं. बचत खात्याचं व्याज कसं काढत ते आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल. दर महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात कमीत कमी किती शिल्लक होती ती लेजरमध्ये शोधायची, तिला ‘प्रॉडक्ट’ म्हणत. अशी सहा महिन्यांची प्रॉडक्टं मांडून, बेरीज करून व्याज. एकेका शाखेत हजारो खाती. सहामाही आली की आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो आणि सराफ्यात गराडू खाऊन घरी जायचो. महिनाअखेरीच्या बॅलन्सिंगमध्ये बारा पैशांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत सुटका नाही. आमचे लेजर कीपर डोळे मिटून बेरीज करत, आणि ती चुकत नसे.

मग यंत्रं येणार अशी कुजबुज सुरू झाली. १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटनांचा यांत्रिकीकरणाबद्दल करार झाला. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. ते तेव्हा रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. पुढे १९८९ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या समितीचा. आम्हाला भीती होती की माणसं घरी बसतील. मीही काळी फीत लावून उभा होतो, लपवत नाही. भीती अगदीच खोटी नव्हती. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा देशभरातून सुमारे लाखभर बँक कर्मचारी बाहेर पडले. त्यात आमचे ते डोळे मिटून बेरीज करणारेही होते.

१९८४ म्हटलं की इंदूरकरांना आणखी एक गोष्ट आठवते. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत राजवाडा पेटला. पुढची दगडी बाजू उभी राहिली, लाकडी भाग बराचसा गेला. आमच्या शाखेच्या गच्चीवरून धूर दिसत होता. दोनशे वर्षं जे उभं होतं ते एका दिवसात जाताना पाहिलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या शाखेत एएलपीएम आलं. ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन असं भारदस्त नाव, प्रत्यक्षात एक साधा पीसी, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्याला वातानुकूलित खोली, आणि आम्हाला पंखा! आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवघरासारखं. मी तेव्हा अधिकारी झालो होतो, आणि मला काही म्हणजे काही जमत नव्हतं. नव्यानं लागलेल्या एका क्लार्क मुलीनं मला शिकवलं. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. जेवणाच्या सुट्टीत दार लावून शिकायचो, कुणी पाहू नये म्हणून. तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिचे उपकार मी आजही मानतो.

ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट शिकवली ती जन्मभर लक्षात राहिली. रोजच्या नोंदींच्या प्रतीला म्हणायचं मुलगा, आठवड्याच्या प्रतीला वडील, महिन्याच्या प्रतीला आजोबा. मुलगा बिघडला तर वडिलांकडे जा, वडील बिघडले तर आजोबांकडे. जगभर या पद्धतीला हेच नाव आहे. आम्हाला फार आवडलं होतं. आपल्या कुळाचारासारखंच की!

आणि दुसरा नियम: एक प्रत शाखेच्या बाहेर. रोज संध्याकाळी काम संपलं की सव्वापाच इंची फ्लॉप्या काढायच्या, वार लिहायचा, पाकिटात घालून सील करायचं आणि एक संच दुसऱ्या शाखेत नेऊन द्यायचा. ही शाखा जळली तरी ती शाखा राहील. आमच्या शाखेत हे काम माझ्याकडे होतं. घरी जाताना स्कूटरच्या डिकीत पाकीट, वाटेतल्या शाखेत रजिस्टरवर सही, मग घर. पाऊस असला तर प्लास्टिकच्या दोन पिशव्या. कित्येक वर्षं एकही दिवस चुकवला नाही.

एकदा उपयोगही झाला. एके दुपारी मशीनची हार्ड डिस्क बसली. आधीच्या संध्याकाळच्या फ्लॉप्या दुसऱ्या शाखेतून आणल्या, त्या दिवसाची सगळी व्हाउचरं पुन्हा टाकली, रात्री अकराला टॅली झाली. सकाळी साडेदहाला शटर वर. एकाही खातेदाराला पत्ता लागला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एन. विठ्ठल केंद्रीय दक्षता आयुक्त असताना, १ जानेवारी २००१ पर्यंत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणा, असं बँकांना बजावलं गेलं. मग कोअर बँकिंग आलं आणि खातं शाखेचं न राहता बँकेचं झालं. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज मिळू लागलं. हातानं हे कधीच शक्य झालं नसतं. ज्या प्रॉडक्टांनी आमच्या तरुणपणाच्या रात्री खाल्ल्या, ती त्या दिवशी संपली. वर्षभरानं मीही निवृत्त झालो.

तर असा मी. लोकांच्या खात्यांची प्रत रोज गाव ओलांडून नेणारा. आणि माझ्या आत्याच्या आवाजाची एकच प्रत, तीही नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही, नुसतं “नाहीये गं” म्हटलं. तिनं तोंडावर काही दाखवलं नाही. एक खिडकी उघडून मला आकडे दाखवले. प्रोसेसर दहा टक्केही कामात नव्हता, पण ‘डिस्क’पुढं १००. म्हणाली, “आजोबा, बँकेच्या भाषेत सांगते. रॅम म्हणजे तुमचं टेबल, हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. टेबल लहान, चार जीबीचं. सारखा शिपाई रेकॉर्ड रूमकडे पळतोय. आणि तो शिपाई आता आजारी आहे.” आजार असा की डिस्कमधल्या फिरत्या तबकड्यांवरच्या काही जागा खराब झाल्या होत्या. तिथलं वाचता येईना म्हणून यंत्र त्याच जागी पुन:पुन्हा प्रयत्न करत होतं, आणि तोवर बाकी सगळं खोळंबलेलं. म्हणून ती गोल गोल चक्री. शिवाय बटण दाबल्याबरोबर सुरू होणारे अठरा-वीस प्रोग्राम होते, शाखेचं दार उघडल्यावर सगळे एकदम एकाच काउंटरवर यावेत तसे.

मी विचारलं, “मग हे प्रोग्राम बंद करू?” ती म्हणाली, “आत्ता काहीच करायचं नाही. जितकं चालवाल तितकं ते मरेल. आधी उतरवून घेऊ, दुरुस्ती मग.”

हे वाक्य मला आवडलं. दुकानातल्या मुलाचा क्रम नेमका उलटा होता.

तिनं स्वतःची बाहेरून जोडायची डिस्क आणली. लॅपटॉपची डिस्क काढून एका छोट्या डबीत बसवली, तिच्या कॉम्प्युटरला जोडली, आणि आधी आत्याचे रेकॉर्डिंग, मग मोडी कागद, मग बाकी, अशा क्रमानं उतरवायला लावलं. दोन रात्री चाललं. मी दर तासाला खाली जाऊन विचारायचो. तिची आई शेवटी म्हणाली, “काका, बाळंतपणाला बसल्यासारखे येरझाऱ्या घालू नका, इथंच जेवा.”

तिसऱ्या दिवशी हिशेब मिळाला. मोडीची दोन पानं सोडून सगळी आली. फोटो सगळे आले. आत्याच्या सात फाइलींपैकी सहा पूर्ण. सातवी अकराव्या मिनिटाला थांबते.

माझा जो लेख जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केला होता, तो तिच्या कॉम्प्युटरवर उघडला तर नुसत्या इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. मी घाबरलो. तिनं तो फाँट शोधून घातला, मग सगळं युनिकोडमध्ये बदलून दिलं. तुमच्यापैकी ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुळवृत्तांत किंवा स्मरणिका टाइप करून ठेवल्यात, त्यांनी त्या एकदा उघडून पाहा. फाइल शाबूत असली तरी मजकूर वाचता येईलच असं नाही.

मग लॅपटॉपचा नंबर लागला. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली. त्यात फिरणारं काहीच नसतं. रॅम चारची आठ केली. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आत. आता वीस सेकंदांत सुरू होतो, चहाला उठायची सोय राहिली नाही! एक इशारा मात्र तिनं दिला आणि तो तुमच्याही कामाचा आहे. विंडोज १० चं नेहमीचं संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होतं, आणि माझ्या लॅपटॉपचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या नियमात बसत नाही. तेव्हापासून बँकेचे व्यवहार त्यावर करत नाही. तो आता फक्त लिहिण्या-वाचण्याला, निवृत्त माणसासारखा.

पैसे विचारले तर म्हणाली, “आजोबा, मोडी शिकवा.” रविवारी सकाळी शिकवतो. र आणि ल मध्ये अजून गोंधळ करते, पण आमच्या कागदांतली तारीख स्वतः लावते.

प्रती आता तीन आहेत. एक लॅपटॉपमध्ये, एक कपाटातल्या डिस्कवर, एक मुलाकडे बंगळुरूत. दर पौर्णिमेला नवीन भर त्या डिस्कवर उतरवतो आणि वहीत तारीख घालून सही करतो. सौ. हसतात. हसू देत.

गणपतीत भाषण केलं नाही. आत्याची तिसरी फाइल लावली, भोंग्यांची. मांडवात शंभरेक माणसं होती. आत्या हसली तिथं सगळे हसले. मी मागं खुर्चीत बसून राहिलो.

आता शेवटचं, आणि खरं तर ही पोस्ट त्यासाठीच. तुटलेल्या सातव्या फाइलीत आत्या रामबागेतल्या आमच्या वाड्यात १९४० च्या सुमारास राहणाऱ्या बिऱ्हाडांची नावं सांगायला सुरुवात करते. “अकरा बिऱ्हाडं होती, सांगते हं तुला,” असं म्हणते, चार नावं घेते, पाचव्याला “त्यांची मुलगी माझी मैत्रीण, तिचं नाव...” म्हणते, आणि आवाज थांबतो. ते नाव मी तेव्हा समोर बसून ऐकलेलं आहे. आता आठवत नाही. रेकॉर्ड होतंय म्हणून लक्ष दिलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाची आजी, पणजी रामबागेतल्या मोठ्या विहिरीच्या वाड्यात लहानाची मोठी झाली असेल, तर कळवा. ती चार नावं त्या त्या घरांना विचारून मगच इथं लिहीन. उरलेली सात बिऱ्हाडं सापडली तर आत्याचं वाक्य पुरं होईल.

आणि घरात कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर या रविवारी त्यांच्यासमोर बसा. रेकॉर्डही करा, आणि नीट ऐकाही. त्याच संध्याकाळी दुसरी प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवा.